'माझी मैना'ची नाममुद्रा : किल्लारीच्या बाजूने एक वाचन

शाहिरी कवनात कवीचे नाव अखेरीस येते. रामजोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्या आणि पोवाडे आज त्यांच्या नावावर लावता येतात ते मुख्यतः या नाममुद्रेच्या आधारे. छपाई नव्हती, बाडे हातोहात नकलली जात होती आणि फड बदलला की गाणाराही बदलत होता. अशा परिस्थितीत कवनाचा धनी कोण, हे सांगणारा पुरावा कवनातच ओवून ठेवावा लागे. नाममुद्रा म्हणजे शाहिराची सही. ती ऐकायची तर कवन शेवटपर्यंत ऐकावे लागते, हे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

ध्वनिमुद्रणाच्या युगात 'सही'चा आणखी एक प्रकार रूढ झाला. स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या कलावंताची सगळी ओळख एखाद्या गीताशी एकजीव होते. त्याचे नाव घेताच ते गीत आठवते आणि गीताचे ध्रुवपद कानी पडताच त्याचे नाव. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या व्यवहारात अशा गीताला 'सिग्नेचर साँग' म्हणतात. मराठीत त्यास 'स्वाक्षरीगीत' म्हणता येईल. ही सही गीताच्या आरंभी असते, बहुधा ध्रुवपदात. अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत सहीचे हे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत आणि ते एकमेकांशी सुखाने नांदत नाहीत. या गीताचा इतिहास बऱ्याच अंशी त्यांच्यातील ओढाताणीचा इतिहास आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (ता. वाळवा) येथे झाला. गावात बापू साठे यांच्या तमाशात त्यांनी काम केले, मुंबईच्या कामगारवस्तीत ते कम्युनिस्ट चळवळीत आले आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह 'लालबावटा कलापथका'त उभे राहिले. तमाशाच्या गणगौळणीच्या जागी त्यांनी मातृभूमीचे आणि कष्टकऱ्यांचे वंदन आणले. सरकारी बंदीला तोंड देताना त्याच द्रव्याचे 'लोकनाट्य' केले. हा तपशील परिचित आहे. 'माझी मैना' ही या कलापथकीय घडणीतून आलेली, म्हणजे मुळात प्रयोगाची संहिता आहे. ढोलकी, तुणतुणे, झीलकरी आणि समोर गिरणगावचा श्रोता यांच्यावाचून ती कागदावर अर्धीच दिसते. अमर शेखांच्या बुलंद आवाजाने ती मैदानात नेली, पुढे विठ्ठल उमपांसारख्या गायकांनी ती पुढील पिढ्यांपर्यंत पोचविली. छापात 'गावावर' असलेला शब्द गाणाऱ्यांच्या तोंडी अनेकदा 'गावाकडं' होतो. हा पाठभेद क्षुल्लक नाही. 'गावाकडं' हा केवळ दिशावाचक शब्द. 'गावावर' म्हणताना मात्र ती गावाच्या भरवशावर राहिली, गावावर सोपवून आलो, अशी एक अपराधाची छटा त्यात उमटते. गाणे लोकप्रिय होताना ही छटा पुसट होत गेली.

संहितेत तीन काळ एकावर एक रचलेले आहेत. पहिल्यात गरिबीने ताटातूट झालेले जोडपे आहे. पहाटेची वेळ, भाकरीची बांधाबांध, वेशीपर्यंतची सोबत आणि दागिन्यांची वचने असा हा प्रसंग आहे. दुसऱ्यात मुंबई येते, बेकारांच्या गर्दीची आणि श्रीमंती थाटाची एकाच दमात मोजदाद करीत येते. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव लावणीत गायिले होते. अण्णाभाऊंनी स्वतःची निराळी 'मुंबईची लावणी' लिहून त्या वैभवाखालचा थर दाखविला होता. तीच नजर येथेही आहे. तिसऱ्यात संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो. परळ, लालबाग, फाउंटन ही रणक्षेत्रे होतात, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांना रामायणातील रावणपक्षात बसविले जाते आणि येथेच, या रणधुमाळीच्या तोंडावर, शाहिराची नाममुद्रा येते. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई पेटली, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. हा भाग त्या घटनांच्या धगीत उभा आहे. परंतु अखेरचा चौक त्याही पुढचा दिसतो. विजयाची गुढी उभारल्यावरही मैनेची भेट झालेली नाही आणि खंडित महाराष्ट्राचीही तीच दशा आहे, असे तो सांगतो. आणि दुसऱ्याच्या मालकीत गेलेल्या मुलखात डांग व उंबरगाव यांची नावे घेतो. डांग आणि ठाणे जिल्ह्यातील उंबरगावचा भाग १ मे १९६० च्या विभाजनात गुजरातेत गेले. तेव्हा या चौकाचे सध्याचे रूप त्या सुमारास स्थिरावले असावे, असे अंतर्गत पुराव्यावरून म्हणता येते. चळवळ पुढे सरकली तशी छक्कडही वाढत गेली.

अशा वाढीव रचनेत सांधे खिळखिळे असतात, अशी शंका रसिकतावादी समीक्षा घेईल. प्रेमगीताच्या शेपटीला प्रचार जोडला, असा आक्षेप तिला सुचेल. तो परंपरेच्या अपुऱ्या परिचयातून येतो. पेशवाईतील विरहाच्या लावणीचे एक प्रसिद्ध आशयसूत्र असे : धनी मोहिमेवर गेला आहे, घरी राहिलेली तरुण स्त्री झुरते आहे. ती बोलते, परंतु तिचे बोलणे पुरुष शाहीर रचतो आणि बैठकीतील पुरुष ऐकतात. मोहिमेवर गेलेला मात्र त्या लावणीत मुका असतो. राजकारण, म्हणजे मोहीम, लावणीच्या बाहेर पार्श्वभूमीला उभे असते. अण्णाभाऊंनी ही मांडणी उलटी केली. येथे बोलतो तो गेलेला पुरुष. तो शिलेदार नाही. पोटासाठी गाव सोडलेला मजूर आहे. त्याची मोहीम ज्या शहरात चालू आहे ते शहरच विरहाचे कारण आहे. त्यामुळे जुन्या लावणीत जे पार्श्वभूमीला होते ते येथे अपरिहार्यपणे पुढे येते. लढ्याचा भाग हा प्रेमगीताला चिकटविलेला नाही. मोहिमेवर गेलेल्याने तोंड उघडले की तो मोहिमेविषयी बोलणारच. स्त्रीचे नखशिखान्त वर्णन, अलंकारांची यादी, रूपकांची उतरंड हे सगळे लावणीचे जुने सामान त्याने बरोबर आणले आहे. परंतु कोल्हापुरी साजापासून नथीपर्यंतचे दागिने येथे तिच्या अंगावर नाहीत. ती त्याने देऊ केलेली वचने आहेत, उधारीची आहेत आणि तिच्या चेहऱ्यावर त्यांनी हसू उमटत नाही. शृंगारलावणीतील अलंकारवर्णनाचा इतका कठोर उपयोग आधीच्या परंपरेत क्वचितच आढळेल.

या उलटापालटीची एक किंमतही आहे. मैना मुकी झाली. ती रुसते, हात उंचावून उभी राहते, पण बोलत नाही. तिची भाषा ऐकायची तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. तेथे राघू हा लेक आणि मैना ही लेक असा वेगळाच अनुबंध आहे, आणि मुंबईला गेलेल्याची वाट पाहणाऱ्या बायका त्यात स्वतः बोलतात. छक्कडीतील मैना आणि ओवीतील मैना यांची भेट मराठी समीक्षेत अजून व्हावयाची आहे.

अखेरच्या चौकात विरहिणी आणि विच्छिन्न प्रदेश यांचे जे सादृश्य उघड होते त्याच्यासाठी आधीचा सारा शृंगार खर्ची पडला आहे. म्हणून गाणे पूर्वार्धावर थांबविले की केवळ काही चौक कमी होत नाहीत, गीताचा प्रकारच बदलतो. उरते ते गावाकडच्या बायकोच्या आठवणीचे मधुर गाणे. आणि नाममुद्रा उत्तरार्धात असल्यामुळे, अशा तोडलेल्या रूपात ते बिनसहीचे होऊन 'पारंपरिक' लोकगीतांच्या रांगेत सहज जाऊन बसते. कष्टकऱ्याचे गीत लोकांचे झाले, असे म्हणून यावर समाधान मानण्याची रीत आहे. ज्याच्या जातीला आणि पक्षाला सही करण्याचा अधिकार परंपरेने फारसा दिला नव्हता, त्याच्या बाबतीत हे समाधान थोडे सोयीचे वाटते.

ध्रुवपदाने चौकांना गिळावे, हा प्रकार मराठीपुरता नाही. अमेरिकेत वुडी गथ्री याने १९४० मध्ये लिहिलेले 'धिस लँड इज युअर लँड' पुढे शाळाशाळांतून गाइले गेले ते खाजगी मालकी आणि भुकेची रांग यांविषयीची कडवी वगळून. ती कडवी २००९ मध्ये ओबामांच्या अध्यक्षपदग्रहणानिमित्त झालेल्या कार्यक्रमात पीट सीगर आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी पुन्हा गाइली. स्प्रिंगस्टीनचे स्वतःचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे त्याचे १९८४ चे स्वाक्षरीगीत व्हिएतनामहून परतलेल्या, कारखान्याच्या दारातून परत पाठविलेल्या कामगाराचे आहे. कडव्यांत निराशा आणि ध्रुवपदात गर्जना अशी त्याची रचना असल्याने स्टेडियममधील समुदायाने गर्जना तेवढी उचलली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील प्रचारसभेत त्याच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. १९८२ मध्ये हेच गीत त्याने एकट्या गिटारवर, दबलेल्या आवाजात ध्वनिमुद्रित केले होते, आणि पुढे मैफलीत तो त्या उदास रूपाकडे परतलाही. रॉकच्या कवीला ही सोय होती : ध्वनिमुद्रण त्याच्या नावाचे होते, गीताचा पाठ त्याच्या ताब्यात होता आणि चुकीच्या अर्थाला तो स्वतः गाऊन उत्तर देऊ शकत होता. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी वारले, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघातात गेले. छक्कडीला उत्तर देणारे दोघेही सव्वा महिन्यात नाहीसे झाले.

आता गीतातील नकाशाकडे पाहता येईल. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव. पोर्तुगीज अमलातील गोवा सोडला तर ही सारी नावे जुन्या मुंबई इलाख्याच्या मराठी-कानडी आणि मराठी-गुजराती कडांवरची आहेत. निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलेले एकही नाव त्यात नाही. औसा तालुक्यातील किल्लारीसारख्या गावी उभे राहून हे गाणे ऐकणाऱ्यास ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा बीदर जिल्हा मधोमध चिरला गेला. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे आले; बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात गेले. किल्लारीच्या लगतच्या निलंगे तालुक्याच्या कडेवरूनच ती नवी रेघ गेली. ताटातूट येथेही झाली होती, बेळगावइतकीच घरातली आणि सोयरिकींतली. बीदर-भालकी सीमावादाच्या पुढील साऱ्या मागण्यांत आहेत, छक्कडीत नाहीत.

याचा अर्थ शाहिराला मराठवाड्याचे सोयरसुतक नव्हते असा घेणे अन्यायाचे होईल. गीत त्याच्या श्रोत्यांचा नकाशा काढते. १९५० च्या दशकातील गिरणगाव कोकण, सातारा, कोल्हापूर या घाटाखालच्या-वरच्या पट्ट्यातून भरलेला होता. मराठवाड्यातून मुंबई-पुण्याकडे मोठे लोंढे निघाले ते विशेषतः १९७२ च्या दुष्काळापासून. १९५७ च्या निवडणुकीत समितीला पश्चिम महाराष्ट्रात जे घवघवीत यश लाभले तसे मराठवाड्यात लाभले नाही, ही राजकीय वस्तुस्थितीही येथे ध्यानात घ्यावी लागते. 'उठलेल्या मराठी देशा'ची प्रतिमा घडत होती ती परळ-लालबागेत. योगायोग असा की त्या प्रतिमेला ज्याने आवाज दिला तो अमर शेख बार्शीचा, आणि बार्शीवरून १९११ मध्ये लातूरला पोचलेली अरुंद रुळांची गाडी हीच या भागाची बाहेर जाण्याची वाट होती. वाट होती, पण तिच्यावरचे प्रवासी अद्याप छक्कडीच्या श्रोत्यांत मोठ्या संख्येने पोचले नव्हते.

ते पोचले तेव्हा त्यांनी अण्णाभाऊंना निराळ्या गाण्यातून आपलेसे केले. नांदेड-लातूरच्या मातंग वस्त्यांत १ ऑगस्टची जयंती ज्या उत्साहाने साजरी होते तेथे हलगीच्या कडकडाटात अण्णाभाऊंचे नाव येते ते प्रामुख्याने आंबेडकरांना उद्देशून लिहिलेल्या 'जग बदल घालुनी घाव' या गीताच्या सोबतीने. त्यात गाव मागे सोडून आल्याची हळहळ नाही. गाव जसे आहे तसे ठेवण्याची इच्छाही नाही. एकाच कवीची दोन स्वाक्षरीगीते महाराष्ट्राच्या दोन भागांत, दोन श्रोतृसमूहांत वेगवेगळी वाटून जावीत, आणि एकात गाव हा विरहाचा विषय व्हावा तर दुसऱ्यात प्रहाराचा, ही घटना अण्णाभाऊंच्या समग्र मूल्यमापनात मध्यवर्ती मानावयास हवी. नामांतराच्या काळात, १९७८ पासून पुढे, ज्या वस्त्या गावानेच जाळल्या त्यांना 'गावावर' या शब्दातील भरवसा कितपत ऐकू आला असेल?

स्थलांतराचे रूपही येथे वेगळे होते. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हिशेब 'कोयत्या'वर होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमारास जोडी फडावर जाते, उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मैना येथे गावावर राहत नाही. तीही मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढविते. गावावर राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. अण्णाभाऊंच्या ध्रुवपदातील ताटातूट या श्रमव्यवस्थेत दोन पिढ्यांमधली होते. आणि दागिन्यांच्या वचनांची जागा मुकादमाच्या उचलीने घेतलेली असते.

हे सगळे असूनही ध्रुवपद मराठवाड्यात गाइले जात होते, जाते. त्याचा आधार एका गृहीतकावर आहे : गाव स्थिर आहे. जाणारा हलतो, शहर बदलते, राज्ये मोडतात व जुळतात, परंतु मैना जेथे उभी आहे ती वेस जागची हलत नाही. विरहाच्या साऱ्या मराठी काव्याचेच हे गृहीतक आहे. धोका असतो तो नेहमी मोहिमेवर गेलेल्यास. घरी राहिलेली झुरते, पण सुरक्षित असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत हे गृहीतक मोडले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद ही या भागातील घरांची रीत. उन्हाळ्यात गार राहणारी ही घरे काही सेकंदांत माणसांवर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांत मिळून मृतांची संख्या ८ ते १० हजारांच्या दरम्यान गेली. जे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेले होते ते वाचले. गावावर राहिलेले गेले. छक्कडीतील पहाट ही निघण्याची वेळ आहे, वेशीवर हात उंचावून कुणीतरी उभे असण्याची. किल्लारीच्या त्या पहाटेनंतर बाहेरगावचे लोक परतले तेव्हा वेस कोणती आणि आपले घर कोणत्या ढिगाऱ्याखाली, हे ओळखणेही सोपे नव्हते. ध्रुवपदातील एकही शब्द न बदलता त्याचा अर्थ पूर्ण फिरला. 'गावावर'मधील ती पुसट झालेली अपराधाची छटा येथे सर्वांगाने परत आली.

यानंतर गावच हलले. पूर्णपणे नव्या जागी वसविलेल्या ५२ गावांत किल्लारी होते. सरळ रस्ते, ओळीने घरे, आखलेले चौक अशी नवी वसाहत उभी राहिली आणि जुन्या गावठाणाच्या जागी अवशेष उरले. आता 'गाव' म्हणताना जुने म्हणायचे की नवे, हा प्रश्न तेथील माणसास नित्याचा झाला. वाडे, बोळ, पार, कुणाच्या शेजारी कुणाचे घर हा जातिव्यवस्थेने आखलेला जुना नकाशा नव्या आखणीत काही ठिकाणी सैल झाला, काही ठिकाणी भूखंडांच्या वाटपात पुन्हा उमटला. 'जग बदल'मध्ये मागितलेला घाव आणि निसर्गाने घातलेला घाव यांत काय फरक असतो, याचा विचार त्या गीताच्या जयंतीतील श्रोत्यांनी कधीतरी केला असेलच. निसर्गाचा घाव वेशीआतला आणि वेशीबाहेरचा असा भेद करीत नाही, पण त्यानंतरची मोजदाद, पंचनामे आणि वाटप माणसेच करतात.

एवढे घडून गेल्यावर छक्कडीच्या अखेरच्या चौकाकडे परतावे तर तो आश्चर्यकारक रीतीने टिकाऊ वाटतो. ध्रुवपद गावाच्या स्थिरतेवर विसंबून होते. हा चौक कशावरच विसंबलेला नाही. जिंकल्यावरही तगमग संपली नाही, भेट झाली नाही, असे तो सरळ सांगतो. चळवळीच्या गीताने विजयानंतर असे बोलणे हे दुर्मीळ आहे. १९६० च्या मंगल कलशाच्या वातावरणात तर विशेषच. किल्लारीच्या श्रोत्याला ध्रुवपद परके झाले असेल, हा चौक परका होण्याचे कारण नाही. परंतु तो ऐकू येण्यासाठी गाणाऱ्याने नाममुद्रेच्या पुढे जावे लागते, आणि सभा-संमेलनांतून छक्कडीला मिळणारा वेळ बहुधा तीन-चार मिनिटांचा असतो. तेवढ्यात मैना वेशीपर्यंत येते, दागिन्यांची बोली होते, टाळ्या पडतात. मुंबई अजून यायची असते.